घरच्या नेटचं टेंडर

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकच गोष्ट तीन कोटेशनं न मागवता पसंत केली, ती म्हणजे मी. तेसुद्धा सासूबाईंनी वेळ दिला नाही म्हणून.

हे भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात खरेदी विभागात होते. तिथे नटबोल्टपासून क्रेनपर्यंत काहीही घ्यायचं तर आधी काय हवं ते बारकाईने लिहायचं, किमान तीन ठिकाणांहून बंद पाकिटात भाव मागवायचे, ठरलेल्या वेळी सगळ्यांसमोर पाकिटं फोडायची आणि ज्याचा भाव सर्वांत कमी त्याला ऑर्डर द्यायची. त्या सर्वांत कमीवाल्याला तिकडे 'एल-वन' म्हणतात. दुसऱ्या नंबरचा माणूस कितीही गुणाचा असो, एल-वनला डावलून त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी ऑडिटवाले हजर. नोकरीत हे ठीकच आहे, सरकारचा पैसा असतो. पण संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की टाउनशिपमधल्या बाकीच्या घरांत नवरे परत यायचे, आमच्याकडे नवऱ्याबरोबर खरेदी विभागही यायचा. कुकर बिघडला तेव्हा नव्या कुकरची तीन दुकानांतली कोटेशनं जमेपर्यंत मी समोरच्या भाभींच्या कुकरात वरणभात लावत होते. लेकीच्या बारशाचे पेढे एल-वनचे होते. कसे होते ते विचारू नका.

तर अशा घरात मला इंटरनेट हवं होतं. आणि हौस म्हणून नको होतं, हे आधी सांगायला हवं.

मी नागपूरची. लग्नाआधी तिथल्या एका शाळेत पाचवी-सहावीला मराठी शिकवायची. लग्न झालं, टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळालं आणि माझं मराठी स्वयंपाकघरात जाऊन बसलं. इथे देशभरातली माणसं, कामकाज हिंदीत, शाळा हिंदी नाहीतर इंग्रजी. मराठीच्या शिक्षिकेची कुणालाच गरज नव्हती. वर्षातून एकदा मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांचं नाटुकलं बसवायला मला बोलवायचे, तेवढंच. त्यातही निम्मी मुलं 'मला भूक लगी आहे' म्हणायची. मी सुधारून द्यायची, ती मान डोलवायची आणि स्टेजवर जाऊन ठणकावून तेच म्हणायची. दोन-चार शाळांत अर्ज केले, काही झालं नाही, मग मी तो नाद सोडला. सोडला म्हणते खरी, पण घरात लेकीला 'वेलांटी कुठली?' असं मी ज्या आवाजात विचारायची तो आईचा आवाज नव्हता, हे तिला चांगलं माहीत होतं.

म्हणूनच पुण्याला शिकायला गेल्यावर तिने मला न विचारता एक उद्योग केला. परदेशात राहणाऱ्या मराठी मुलांना घरबसल्या, कॉम्प्युटरवरून मराठी शिकवणारी एक संस्था होती, तिथे तिने माझं नाव देऊन टाकलं. संस्थेच्या एका बाईंचा फोन आला. अर्धा तास बोललो. मला वाटतं, अर्ध्या तासातला पाऊण तास मीच बोलले असेन. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही एक वर्ग घेऊन दाखवा. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला, मुलांकडे तेव्हा सकाळ असते. आणखी एक जणी आहेत ठाण्याच्या, त्यांचाही बघू. दोघींपैकी एकीला हा वर्ग देऊ. फक्त घरी नेट चांगलं हवं हं. मध्येच तुटलं की मुलं उठून जातात आणि पालक दुसऱ्यांदा येत नाहीत."

वर्गाला तीन आठवडे होते. फोन ठेवला तेव्हा माझ्या हाताला कणीक तशीच होती आणि मी चक्क घाबरले होते. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला काहीतरी येतं असं धरून चाललं होतं. ते आता हातचं जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

आमच्याकडे नेट नव्हतं असं नाही. टेलिफोनच्या तारेवरून येणारं एक होतं, ते फोनची घंटा वाजली की पडायचं आणि फोन ठेवला की विचार करून उठायचं. मोबाइलवर होतं, पण आमची क्वार्टर्स बैठी आणि झाडं पन्नास वर्षांची. रेंज फक्त मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडावर उभं राहिल्यावर मिळायची. धुण्याच्या दगडावर उभं राहून मी मराठीचा वर्ग घेणार नव्हते.

समोरच्या भाभी रायपूरच्या. त्यांच्याकडे दोन वर्षांपासून एका खाजगी कंपनीचं नेट होतं, त्यांच्या सगळ्या मालिका त्यावर न अडखळता चालायच्या. त्या म्हणाल्या, "हमारा वाला ले लो भाभी, आँख मूँद के."

ह्यांनी ते व्हरांड्यातून ऐकलं. म्हणाले, "आँख मूँद के तो हम आलपिन भी नहीं लेते."

मी म्हटलं, "अहो, त्यांचं चांगलं चाललंय. लेकीची फी, हॉस्टेल सगळं आहे मला माहीत आहे, पण ते काही फार महाग नाहीये."

"महाग नाही हे कशावरून? कशाच्या तुलनेत?" ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. हा चष्मा कपाळावर गेला की मी समजून जाते, आता टेंडर निघणार. "वर्ग कधी आहे? तीन आठवडे? भरपूर वेळ आहे. सगळं नीट, नियमाने करू. तुझ्याच कामाचं आहे ना, मग तर नीटच करायला हवं."

ह्या शेवटच्या वाक्यावर मी वाद सोडला. हे खरंच तसं मानतात. ज्याच्यावर ह्यांचा जीव असतो त्याची ह्यांच्याकडून कसून प्रक्रिया होते.

पुढचे चार दिवस ह्यांनी खांबांवरच्या पाट्या आणि पेपरातून पडणारी पत्रकं गोळा केली. मग 'काय हवं' त्याचा एक पानी मजकूर तयार झाला. वेग किमान किती, बंद पडल्यास किती तासांत दुरुस्ती, राउटर कोणाचा, पावसाळ्यात काय, वाद झाल्यास निवाडा कुठे. तीन कंपन्यांना फोन गेले आणि रविवारी सकाळी अकरा वाजता बंद पाकिटातून भाव घेऊन प्रतिनिधींनी आमच्या क्वार्टरवर हजर राहावं असं ठरलं. मला सांगितलं, पोहे कर.

तिघेही आले. एकमेकांना बघून 'अरे तू भी?' करत गळ्यात पडले, कारण तिघे आधी एकाच कंपनीत होते. पाकीट मात्र एकानेही आणलं नव्हतं. एक म्हणाला, "सर, रेट तो बोल के भी बता सकते हैं।" ह्यांचा चेहरा असा झाला की देवळात कुणी चपला घालून आलं असावं. मग ह्यांनी आत येऊन पाकिटं मागितली. घरात पाकिटं होती ती लग्नकार्यात आहेर करायची, वर गणपती आणि कोपऱ्यात चिकटवलेलं रुपयाचं नाणं. तीच दिली. तिघांनी एकमेकांकडे पाठ करून भाव लिहिले, पाकिटं चिकटवली आणि ह्यांच्या हातात अशी दिली की जणू आमच्याकडे मुंज आहे. एकाने विचारलंही, "सर, ये एक रुपया रेट में जोड़ना है क्या?"

पाकिटं फुटली. भाभींच्या घरी होती ती कंपनी सर्वांत महाग निघाली. मधली मधे. आणि सर्वांत स्वस्त निघाला तो पिपलानीच्या बाजाराजवळ नवंच ऑफिस थाटलेला एक केबलवाला. भाव इतका कमी की ह्यांनी दोनदा वाचला.

मी दारात उभं राहून त्याला विचारलं, "भैया, शनिवार शाम को साढ़े छह बजे पक्का चलेगा?"

"टनाटन चलेगा आंटी जी!" त्याने पोह्यांवर शेव घेत सांगितलं.

मी ह्यांना खुणेने आत बोलावलं. म्हटलं, "अहो, मला भाभींचंच घ्या. थोडं जास्त पडलं तर पडू दे. माझ्या वर्गाचा प्रश्न आहे."

"अगं, आता कसं घेणार? पाकिटं सगळ्यांसमोर फोडली. एल-वन समोर बसलाय आपल्या सोफ्यावर."

"घर आपलं आहे, पैसे आपले आहेत, ऑडिट कोण करणार आहे?"

ह्यांनी माझ्याकडे खरोखर गोंधळून बघितलं. हा प्रश्न ह्यांना कधी पडलाच नव्हता. "म्हणून काय झालं?" म्हणाले आणि बाहेर जाऊन एल-वनला ऑर्डर दिली. बाकीच्या दोघांनी कसलंही दुःख न करता पोह्यांची दुसरी डिश घेतली.

आता खरं सांगायचं तर एल-वनचं नेट चांगलं चाललं. मी नावं ठेवायला तयार होऊन बसले होते, पण संधीच मिळाली नाही. पुण्याला लेकीशी बोलले तर तिच्या मागच्या भिंतीवरची पाल दिसली. मी रोज दुपारी तिला विद्यार्थी करून वर्गाची तालीम करू लागले. 'माझं घर' हा धडा घ्यायचा ठरवला, चित्रांची कार्डं रंगवली, डायनिंग टेबलामागची भिंत पुसून घेतली. पंचवीस वर्षांची असताना जशी उत्साहाने तयारी करायची तशी करत होते. भाभी येऊन म्हणायच्या, "क्या बात है, आजकल तो आप बिंदी भी मैचिंग लगा रही हैं।"

खोट नेटमध्ये नव्हतीच. खोट होती ती आमच्या घरात, आणि ती अशी.

वायर कशी आली होती, तर मुख्य रस्त्याच्या कडुलिंबावरून भाभींच्या गुलमोहरावर, तिथून आमच्या पेरूवर आणि पेरूवरून खिडकीत. आमच्या ओळीतल्या सगळ्या वायरी अशाच आलेल्या. टाउनशिपमध्ये खांब, रस्ते, झाडं सगळं कारखान्याचं. त्यावरून खाजगी वायर न्यायची तर परवानगी लागते हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कुणी मागत नसे. मागितली की नाही म्हणावं लागणार, म्हणून देणारेही वर बघत नसत. वर्षानुवर्षं हे असं छान चाललं होतं. पानांच्या आड सगळ्या ओळीचं नेट लपलेलं होतं.

ह्यांनी परवानगीचा अर्ज केला.

मला कळलं तेव्हा अर्ज जाऊन दोन दिवस झाले होते. मी कपाळावर हात मारला. "अहो, सगळ्यांची तशीच आहे ना?"

"सगळ्यांची तशी आहे म्हणजे पूर्वोदाहरण आहे," हे उत्साहाने म्हणाले. "तेच तर मी दाखवलं. नुसता अर्ज नाही केला, सोबत नकाशा जोडला. कुठलं झाड, कुठली वायर, कुणाच्या घरी जाते. एवढ्या वायरी चालतात तर आमची एक का नाही, असा मुद्दा मांडलाय. नाही म्हणूच शकत नाहीत."

आ बैल मुझे मार, असं भोपाळमध्ये म्हणतात. आमच्या ह्यांनी बैलाला नुसतं बोलावलं नव्हतं, घराचा नकाशाही पाठवला होता.

शनिवारी वर्ग. गुरुवारी सकाळी शिडी, कात्री आणि चार माणसं घेऊन टाउनशिपच्या ऑफिसची गाडी आमच्या ओळीत शिरली. त्यांच्या मुकादमाच्या हातात ह्यांचा नकाशा होता. कडुलिंब, गुलमोहर, आंबा, पेरू, तो एकेका झाडाखाली उभा राहून कागदात बघायचा, वर बोट दाखवायचा आणि कात्री चालायची. तासाभरात सगळी ओळ नेटबाहेर गेली. भाभींची मालिका ऐन साखरपुड्यात थांबली. कुणाच्या मुलाचा परीक्षेचा फॉर्म अर्धा भरलेला राहिला. सगळ्या बायका फाटकाशी आल्या, आणि ह्यांना कामावरून बोलावून घेतलं तर तो मुकादम सगळ्यांदेखत अदबीने म्हणाला, "सर, ड्राइंग बहुत साफ बनाई आपने। नहीं तो पत्तों में हमको कहाँ कुछ दिखता था।"

ओळीतल्या पंधरा-वीस डोळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. भाभी घरात गेल्या आणि दार जरा मोठ्याने लागलं.

मी चिडले की बोलते. फार चिडले की गप्प होते. त्या दिवशी मी गप्प झाले. राग तर होताच, पण खरं म्हणजे मला धसका बसला होता. संस्थेच्या बाईंना फोन करून 'पुढच्या शनिवारी चालेल का?' म्हणून विचारलं. त्या सौम्यपणे म्हणाल्या, "मुलं जमवलेली आहेत हो, आणि ठाण्याच्या बाईंचा वर्ग कालच झाला. छान झाला. जमत नसेल तर तसं सांगा, काही हरकत नाही." 'काही हरकत नाही' हे शब्द मला दिवसभर टोचत राहिले. कुणाचीच हरकत नव्हती, हेच तर दुःख होतं.

हे टाउनशिपच्या ऑफिसात गेले. तिथल्या टेबलामागच्या माणसाने ह्यांना सांगितलं, "सर, फाइल चलेगी, प्रोसेस से होगा।" हे वाक्य ह्यांनी नोकरीत शेकडो लोकांना ऐकवलं असेल. टेबलाच्या ह्या बाजूने ते पहिल्यांदाच ऐकत होते. घरी येऊन व्हरांड्यात बसले आणि बूटसुद्धा काढले नाहीत. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले, "माझ्यामुळे तुझं काम गेलं तर मला ते सहन होणार नाही." मी भाजी चिरत होते. म्हटलं, "मग काहीतरी करा. पण कोटेशनं मागवू नका."

टाउनशिपबाहेर, अरेरा कॉलोनीत मराठी मंडळातले एक निवृत्त साहेब आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, राहायचे. त्यांच्याकडे पक्कं, परवानगीचं नेट होतं. काकू म्हणाल्या, "अगं ये की, विचारतेस काय! वरची खोली तुझीच." प्रश्न मिटला. शनिवारी मी ठेवणीतली कॉटनची साडी नेसले, कार्डं पिशवीत घातली आणि आम्ही आमच्या छोट्या गाडीतून वेळेच्या पुष्कळ आधी निघालो. हे वाटेत सारखे घड्याळ बघत होते आणि मी 'माझं घर, घरात किती खोल्या' असं पुटपुटत होते.

आम्ही दोघांनीही एक गोष्ट विचारात घेतली नव्हती. त्या दिवशी वाटेवरच्या बिट्टन मार्केटचा हाट होता.

हाटाच्या दिवशी तिथला रस्ता रस्ता राहत नाही. हातगाड्या, स्कूटर, पिशव्या लटकवलेली अख्खी अरेरा कॉलोनी. आमची गाडी अशी अडकली की पुढे एक रिक्षा, मागे टेम्पो आणि डावीकडे थेट भाजीचा ढीग. काकूंचं घर गाडीने पाच मिनिटांवर होतं आणि गाडी हलत नव्हती. उतरून चालत जावं तर सामान, साडी आणि गर्दी, वेळेत पोहोचणं शक्य नव्हतं. मी काही न सुचून मोबाइल काढला आणि बघते तर रेंज पूर्ण. धुण्याच्या दगडावर कधी दिसली नव्हती इतकी.

"अहो, उतरा," मी म्हटलं. "मी इथेच वर्ग घेते."

हे काही न विचारता उतरले.

मी मोबाइल डॅशबोर्डवर टेकवला आणि साडेसहाला पडद्यावर चौकटी उघडल्या. मुलं, काही रात्रीच्या कपड्यांतच, कुणाच्या हातात दुधाचा कप. एका मुलीशेजारी नऊवारीतली आजी, बहुतेक नातवंडांकडे राहायला गेलेली. आणि एका चौकटीत आवाज बंद करून बसलेल्या संस्थेच्या बाई. मी नमस्कार म्हटला, कार्ड वर धरलं आणि 'हे माझं घर' म्हणणार तोच डावीकडून खणखणीत आवाज आला, "आ जाओ भैया, ताज्जा ताज्जा!"

"व्हॉट वॉज दॅट?" एका मुलाने विचारलं.

संस्थेच्या बाई पुढे झुकल्या होत्या. खोटं बोलायला काही सुचेना, म्हणून खरं बोलले. "तो भाजीवाला. मी बाजारात बसले आहे."

"रिअली? दाखवा!"

मी कार्ड खाली ठेवलं आणि मोबाइल खिडकीकडे वळवला. पडद्यावर सगळी तोंडं पुढे आली. मी विचारलं, "हे लांब, हिरवं काय आहे?" कुणालाच माहीत नव्हतं. म्हटलं, दुधी. सगळ्यांनी म्हटलं, दुधी. मग हे कुठे आहेत म्हणून बघते तर हे खिडकीशीच उभे होते. ह्यांनी खाली वाकून एक दोडका उचलला आणि गंभीरपणे मोबाइलसमोर धरला. मग तोंडली. मग शेवग्याची शेंग, ती खिडकीत आडवी मावेना म्हणून उभी. मुलं ओरडून नावं म्हणू लागली. भाजीवाला ह्यांच्याकडे बघत अस्सल भोपाळी हेलात म्हणाला, "को खां, रिश्ता आया है क्या सब्जियों का? एक-एक को दिखा रये हो।" हे म्हणाले, "भैया, सब एक-एक पाव तौल दो, बस दिखाते रहने दो।" भाव विचारला नाही. मी वर्ग घेत होते तरी ते माझ्या कानांनी टिपलं.

मग कारलं आलं. मी सांगितलं, कारलं कडू असतं.

"कडू म्हणजे?" आजीशेजारच्या मुलीने विचारलं.

कडू म्हणजे काय ते कसं सांगणार? इंग्रजी शब्द सांगायचा नाही असा संस्थेचा नियम होता. मी 'गोडाच्या उलट' वगैरे सुरू केलं, पण त्या मुलीला काही पटेना. तेवढ्यात खरेदी विभागाच्या ह्या वरिष्ठ अधिकाऱ्याने गाडीच्या खिडकीत डोकं घातलं, मोबाइलकडे बघितलं आणि कच्च्या कारल्याचा मोठा घास घेतला.

ते तोंड मी जन्मभर विसरणार नाही. डोळे मिटले, नाक वर गेलं, कान हलले असावेत. तरी थुंकले नाहीत, गिळलं आणि खोकत म्हणाले, "कडू!"

मुलं हसून लोळायला लागली. एकाने दूध सांडलं. सगळे ओरडत होते, "कडू! कडू!" आजीने पदर तोंडाला लावला होता. संस्थेच्या बाईंचा आवाज बंद होता, पण खांदे हलताना दिसत होते. त्यानंतर मी गोड काय, आंबट काय, तिखट काय विचारत गेले आणि मुलं आपापल्या स्वयंपाकघरांत पळत जाऊन वस्तू आणून दाखवू लागली. 'माझं घर' धडा तसाही झालाच म्हणायचा.

आता पुढचं सांगून टाकते. वर्ग मला मिळाला, सोमवारी फोन आला. ओळीतल्या वायरी आठवडाभरात परत पानांत गेल्या, कशा गेल्या ते कुणी विचारलं नाही आणि ह्यांनी तर वर बघणंच सोडलं. मी भाभींची कंपनी घेतली, एका फोनवर, आणि भाभींनी ह्यांना माफ करायला एक दिवाळी घेतली. ह्यांच्या अर्जाला पुढे कधीतरी उत्तर आलं की प्रकरण विचाराधीन आहे. माझ्या माहितीप्रमाणे ते अजून विचाराधीन आहे.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. वर्ग संपताना मी मुलांना अच्छा म्हटलं. तेव्हा ती आजी आपल्या नातीला म्हणाली, "असं नाही जायचं. बाईंना नमस्कार कर आधी." त्या मुलीने हात जोडले. "नमस्कार, बाई." मग तिचं बघून सगळ्यांनीच, आपापल्या घरांतून, वेगवेगळ्या वेळी, कुणी आधी कुणी मागून, "नमस्कार, बाई. नमस्कार, बाई." आणि चौकटी एकेक करून बंद झाल्या.

मी टाउनशिपमध्ये भाभी झाले, आंटी झाले, अमकीची मम्मी झाले, कारखान्याच्या कार्यक्रमांत मिसेस झाले. बाई मला कुणी म्हटलं नव्हतं. लग्नाआधी शाळेचा शेवटचा दिवस होता, तेव्हा पाचवीच्या मुलींनी म्हटलं होतं, त्यानंतर नाही. मी मोबाइल मांडीवर ठेवला आणि त्या गर्दीत, गाडीच्या काचा उघड्या असताना, हमसून हमसून रडले.

हे दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन आत येऊन बसले. मला रडताना बघून ह्यांचा चेहरा पडला. "नाही जमलं का? अगं, आणखी संस्था असतील. आपण शोधू."

"जमलं हो," मी म्हटलं. "ती मुलं मला बाई म्हणाली."

ह्यांना काय समजलं कोण जाणे. पुढची रिक्षा निघून गेली होती, रस्ता मोकळा झाला होता आणि मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून दमला होता, तरी हे गाडी सुरू करेनात. माझं रडणं थांबेपर्यंत नुसते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मग किल्ली फिरवली आणि म्हणाले, "चला, बाई." चेष्टेने नाही म्हणाले.